दाराला अडकवलेल्या पिशव्या

तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या. फुकुशी मित्सुएला त्या मोजाव्या लागत नसत, तिचे गुडघेच मोजत. एकोणीस वर्षं ती विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहाची मावशी होती. पहाटे दारातलं बर्फ फावड्यानं ओढायचं, बॉयलर बघायचा, ओले बूट रांगेत लावायचे, कुणाचं पार्सल तर कुणाचे रुसवे सांभाळायचे. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. खरं सांगायचं तर तिला आता कशाचंच फारसं काही वाटेनासं झालं होतं. उत्तर जपानमधल्या त्सुगारूतला जानेवारी चांगल्याचांगल्यांना मेटाकुटीला आणतो, ही तर सदुसष्ट वर्षांची बाई.

तशात मंगळवारी सकाळी ओयुना मास्क लावून तळमजल्यावर तिच्या खोलीच्या खिडकीशी आली. मंगोलियाची ही पोर ऑक्टोबरात शेतकी शिकायला आली होती. बर्फात उघड्या डोक्यानं हिंडायची आणि बाकीच्या मुली कुडकुडत असल्या की हसायची. त्या दिवशी मात्र तिनं खिडकीची चौकट घट्ट धरून ठेवली होती.

"मावशी, डॉक्टरकडून आले. फ्लू आहे. पाच दिवस खोलीबाहेर पडू नको म्हणाले."

"ताप किती?"

"एकोणचाळीस अंशांना थोडा कमी."

"थोडा कमी म्हणे! गोळ्या दिल्यात ना? काही लागलं तर सांग हो."

"नाही मावशी, काही नको. तुम्हाला उगाच त्रास."

असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि पोरगी तीन महिन्यांत ते बरोबर शिकली होती. मित्सुएनंही ऐकणाऱ्यानं मान डोलवायची असते तशी डोलवली.

दुपारी तिनं भाताची पेज केली, वर उमेबोशीचं एक खारवलेलं आंबट फळ ठेवलं. एक सफरचंद किसलं, डब्यात भरलं. सगळं पिशवीत घालून चोपन्न पायऱ्या चढली, पिशवी दाराच्या मुठीला अडकवली आणि सपातांचा आवाज होऊ न देता खाली आली. आजाऱ्याचं करायचं ते असंच. दार वाजवून झोपमोड करायची नाही. समोर उभं राहून बिचाऱ्याला उठून केस सारखे करायला लावायचं नाही. मित्सुएच्या आईनं शेजाऱ्यांचं असंच केलं होतं आणि मित्सुएनं एकोणीस वर्षांत कितीतरी मुलींचं. पिशवी संध्याकाळी आत जाई, दुसऱ्या दिवशी धुतलेला डबा खिडकीत येई.

बुधवारी पिशवी होती तिथंच होती. पेजेवर साय धरली होती. खावंसं वाटत नसेल, असं म्हणून तिनं ती काढली आणि ताजी लावली.

संध्याकाळी नवरा टीव्हीवर सुमो बघत बसला होता. सुमोत मंगोलियाचे मल्ल पुष्कळ, योशिहारूचं मंगोलियाबद्दलचं सगळं ज्ञान त्या आखाड्यातलं.

"अहो, तिसऱ्या मजल्यावरची ती पोर जेवत नाहीये."

"कोण, मंगोलियाची? अगं, त्या लोकांना मटण लागतं. तुझी पेज बघून आणखी आजारी पडेल."

"चेष्टा पुरे. ताप आहे तिला."

"मग दार वाजव जाऊन."

"झोपली असेल."

"मग नको वाजवू," तो म्हणाला आणि त्यानं पुन्हा टीव्हीत तोंड घातलं. एवढ्याच बोलण्यावर मित्सुएनं स्वतःचं समाधान करून घेतलं, हे तिला पुढं फार लागलं.

गुरुवारी दुसरी पिशवीही तशीच. तिनं शेजारी तिसरी अडकवली. क्षणभर दाराशी उभी राहिली. आत काहीच हालचाल नव्हती. हाक मारावी असं ओठांपर्यंत आलं होतं, पण ती परत फिरली.

नुसत्या भिडेपोटी नाही. अकरा वर्षांपूर्वी एका मुलीचा दोन दिवस पत्ता नव्हता म्हणून मित्सुएनं मास्टर चावीनं तिची खोली उघडली होती. बाईसाहेब आत कानात गाणी घालून नखं रंगवत बसल्या होत्या. वडिलांची तक्रार आली. मित्सुएला हातानं माफीपत्र लिहावं लागलं, तेही तीनदा, कारण पहिल्या दोन्हींत पश्चात्ताप पुरेसा दिसत नव्हता. तेव्हापासून चावी लाल पेटीत राहिली आणि पेटीवर चावी मागण्याच्या अर्जाचा नमुना चिकटवला गेला.

शुक्रवारी दुपारी तिनं जिना चढून पाहिलं तर दोन्ही पिशव्या तशाच. या वेळी तिनं दार वाजवलं. हाक मारली, पुन्हा मारली. आतून काही नाही.

धापा टाकत खाली येऊन तिनं विद्यापीठाच्या कार्यालयात फोन लावला. तिथले प्रमुख साकुराबा साहेब, त्यांचा आवाज नेहमीसारखा इस्त्री केलेला.

"फुकुशीबाई, आधी विद्यार्थिनीला मेल करा. उत्तर आलं नाही तर अर्ज भरून पाठवा. दोन सह्या लागतील."

"साहेब, मेल वाचायला माणूस शुद्धीवर लागतं."

"ती शुद्धीवर नाही, हे कशावरून म्हणता?"

"पिशव्यांवरून."

"कसल्या पिशव्या? हे बघा, मागचं प्रकरण तुम्हाला आठवत असेलच."

"न आठवायला काय झालं? माझ्याच हातानं तीनदा लिहिलंय."

आणि तिनं फोन ठेवला. समोरच्याच्या आधी फोन ठेवण्याची तिची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

लाल पेटी उघडून, चावी मुठीत धरून ती पुन्हा निघाली. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा कठड्याला धरून एकेक पायरी चढली. चावी घातली, फिरवली. खट् आवाज आला. मूठ ओढली तर दार हलेना. पुन्हा ओढलं. कुलूप बिघडलं म्हणावं तर चावी लोण्यासारखी फिरली होती. मग तिनं ती उलटी फिरवली, खट् झालं आणि दार उघडलं.

दार आधी उघडंच होतं. कुलूप तिनंच आत्ता लावलं होतं.

पण ते कळायला उसंत नव्हती. खोली गार पडली होती. ओयुना पलंगावर भिंतीकडं मुटकुळं करून पडली होती, ओठ फुटलेले, प्रत्येक श्वासाला छातीत घरघर. मित्सुएनं कपाळावर हात ठेवला तेव्हा तिनं डोळे किलकिले केले.

"मावशी... आलात," ती म्हणाली.

रुग्णवाहिका आली, ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया निघाला. "आणखी एक दिवस गेला असता तर..." असं म्हणून डॉक्टरांनी वाक्य तिथंच सोडलं.

रविवारी मित्सुए सफरचंद किसून दवाखान्यात घेऊन गेली. या वेळी डबा कुठंही न अडकवता तिनं चमच्यानं भरवलं.

"दार उघडं का ठेवलं होतंस गं?"

ओयुनानं घास गिळला. "आमच्याकडं दार कुणी वाजवत नाही, मावशी. बाहेरूनच ओरडतात, कुत्रं धरा! आणि येतात आत. कुत्रं नसलं तरी तसंच ओरडतात. मला वाटलं, उठता नाही आलं तर? म्हणून मंगळवारीच कडी काढून ठेवली."

"हाक तरी मारायचीस."

"आवाजच फुटत नव्हता. तुमच्या सपाता ऐकू यायच्या पण. दाराशी यायच्या, पिशवी वाजायची. मला वाटायचं, आता आत येतील."

मित्सुएच्या हातातला चमचा डब्यातच राहिला. तिला रडू आवरेना, आणि ओयुना उगाचच तिची समजूत घालत राहिली.

सोमवारी कार्यालयानं लेखी खुलासा मागितला. अर्जाशिवाय चावी का वापरली, म्हणून. तिनं तो एकदाच लिहिला. पत्राच्या रिवाजाप्रमाणे सुरुवातीला हवामान, प्रकृतीची चौकशी, सगळं रीतसर. खाली लिहिलं, की दार उघडं होतं. चावीची गरजच नव्हती. मी तीन दिवस नुसती मूठ फिरवून पाहिली नाही, याची मला क्षमा असावी. साकुराबा साहेबांना हे कुठल्या फायलीत घालावं ते समजेना. त्यांनी मग सगळ्या मजल्यांवर सूचना लावली: विद्यार्थिनींनी खोलीचं दार सदैव आतून बंद ठेवावं.

आठवड्यानं ओयुना परत आली. दुसऱ्या दिवशी मित्सुए पेज घेऊन चोपन्न पायऱ्या चढली. पिशवी सवयीनं मुठीकडं गेली होती, ती तिनं मागं घेतली. दम खाल्ला. मग सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "कुत्रं धरा!" शेजारच्या दोन खोल्यांतून डोकी बाहेर आली. मित्सुएनं तिकडं लक्ष न देता मूठ फिरवली.

दार बंद होतं. सूचना वाचून पोरीनं आतून कडी लावली होती.

"आले, आले मावशी!" आतून आवाज आला. पाय ओढत कुणीतरी येत होतं, अगदी हळू. मित्सुएनं पिशवी खाली ठेवली नाही. ती दाराला हात लावून उभी राहिली.