गॅस्केट तिथेच का जळतं

गॅरेजमध्ये दोघे भाऊ होते, म्हणून लोक एकाला मोठा म्हणत, दुसऱ्याला धाकटा. मोठा जाऊन तीन वर्षं झाली, धाकट्याने पंचावन्नी ओलांडली, तरी नाव धाकटाच राहिलं. त्याला त्याचं काही वाटत नसे. दादाच्या हाताला यश होतं, आपल्या हाताला नुसती सवय आहे, असं तोच सांगायचा.

शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंची जुनी गाडी त्यांच्याकडे यायची. तिचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणारा पातळ पत्रा, दादाने एकदा बदललं होतं. ते सहा वर्षं टिकलं. दादा गेल्यावर धाकट्याने नवं बसवलं, बोल्टही सगळे नवे घातले. आठ महिन्यांत गाडी भर रस्त्यात वाफ सोडत उभी राहिली. मागच्या सीटवर बाईंची आई होती. तिला धाप लागली म्हणून बाई दवाखान्यात निघाल्या होत्या. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. आईने दवाखान्याच्या दारातच प्राण सोडला.

बाई त्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने हेड घासून सपाट करून आणलं, रेडिएटर बदलला, पाण्याचा पंप बदलला. पुन्हा घातलेलं गॅस्केट चार महिन्यांत गेलं. मोठा असता तर, असं गिऱ्हाइकं दबक्या आवाजात म्हणू लागली. गाडीवर वाकला की दादा मागे उभा राहून आपले हात बघतोय, असं त्याला वाटायचं. एकदा तो मोठ्याने बोलूनही गेला, "दादा, सांग की." स्वतःचाच आवाज ऐकून त्याने पाना खाली ठेवला. भर दुपारी शटर ओढून तो घरी गेला आणि बायकोला म्हणाला, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी त्याने आपण बसवलेली दोन्ही जळकी गॅस्केटं एकावर एक धरली. दोन्ही एकाच जागी जळली होती, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या मधोमध. हेड तर आता सपाट, सुतात होतं. म्हणजे तिथे दाबच बसत नव्हता. त्याने एक तार घेतली आणि बोल्टच्या दहाही भोकांत घालून खोली मापली. नऊ सारखी निघाली. त्या जागेजवळचं दहावं बोटभर उथळ होतं. बोल्ट तळाला टेकायचा, पाना 'कट्' करून घट्ट झाल्याचं सांगायचा, आणि हेड दाबलं गेलेलंच नसायचं.

भोकाच्या तळाशी मोडक्या बोल्टचं टोक अडकलं होतं. त्याच्या मनात पाल चुकचुकली. भंगाराच्या डब्यातून त्याने दादाच्या वेळचे जुने बोल्ट काढले. त्यातला एक आखूड होता, टोकावर कानशीचे ओरखडे होते.

दादाच्या हातून बोल्ट मोडला होता. तुकडा निघेना, म्हणून त्याने दुसरा बोल्ट घासून बरोबर बेताचा केला होता. काम चोख होतं. फक्त ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आणि धाकट्याने जुने बोल्ट न बघताच डब्यात टाकले होते.

अर्धा दिवस खपून त्याने तुकडा काढला. संध्याकाळी तो बाईंकडे गेला आणि दारातच म्हणाला, "दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. दादाने लपवलं, मी बघितलं नाही."

बाईंनी त्याला बसायला सांगितलं. मग विचारलं, "गाडी थांबली नसती तर आई वाचली असती?"

"मला माहीत नाही, बाई."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगायला तुम्ही आलात."

गाडी अजून चालते आहे. बाई तिच्यात कधीच मागे कुणाला बसवत नाहीत.

रविवारी वहिनीकडे जेवताना तिने विचारलं, बाईंच्या गाडीचं शेवटी काय निघालं. जुना दोष होता, एवढंच तो म्हणाला.

"हे असते तर एका दिवसात काढला असता," वहिनी म्हणाली.

धाकट्याने मान डोलावली आणि ताटावरून उठून तो हात धुवायला गेला.