मालकांनी दडवलेला व्यायाम

"तुम्हाला हार्ट अटॅक येऊन गेलाय," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी त्यांनाच समजावत होते की हे पित्त आहे. दोन दिवस सोडा पीत होते ना! हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी तुंबली होती. लगेच अँजिओप्लास्टी झाली. म्हणजे मनगटातून बारीक नळी घालून तुंबलेली जागा फुग्याने उघडतात आणि तिथे जाळी बसवतात.

मी जुळे सोलापुरात कडक भाकऱ्या करून विकते. वॉर्डात आणल्यावर माझा पहिला प्रश्न होता, भाकरी पुन्हा कधी थापता येईल? घरी सोडताना डॉक्टरांनी मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाहेर बोलावून सगळं सांगितलं. आत येऊन मालक म्हणाले, "तीन महिने हलायचं न्हाय. डॉक्टरच म्हणलेत."

मी मान डोलावली. कागद इंग्रजीत होता, मला काय कळणार?

पहिल्या तपासणीला ते रिपोर्ट घेऊन एकटेच गेले. "तुला रिक्षाचे हादरे नकोत," म्हणाले. हे मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत होते. पाहुणे शहाळी घेऊन येत आणि उठू नको म्हणून दटावून जात. दोन महिन्यांत मोरीपर्यंत जातानाही धाप लागायला लागली. मला वाटलं, आता माझं संपत आलं. कोणती बांगडी कुठल्या लेकीला, तेही मनात ठरवून टाकलं.

पुढच्या तपासणीला मला न्यावंच लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "पिलाटीसचे किती वर्ग झाले?"

मी मालकांकडे पाहिलं. ते भिंतीकडे बघत होते.

डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, कार्डियाक रिहॅबिलिटेशन. म्हणजे आमच्या देखरेखीखाली व्यायाम करून हृदयाला हळूहळू कामाची सवय लावायची. पिलाटीस त्यातलाच एक व्यायाम. तुमचं हृदय ठीक आहे, बाई. पडून राहून अंगातली ताकद गेली."

रिक्षात मी विचारलं, का? मालक म्हणाले, "वैरागचा अण्णा अटॅकनंतर फिरायला गेला अन् वाटंतच गेला. मला लई भ्या वाटलं गं." अण्णा त्यांचा सख्खा भाऊ, ते दुःख मला कळलं. तरी अंगाची आग आग झाली. रोज माझ्या हातावर गोळी ठेवणारा माणूस रोज खोटं बोलत होता.

दुसऱ्याच दिवशी वर्गाला गेले. पिलाटीस म्हणजे चटईवर पडून, श्वासाबरोबर पोटापाठीचे स्नायू हळूहळू कामाला लावायचे. "जोर लावताना श्वास सोडा, कोंडू नका," असं फिजिओथेरपिस्ट ताई सारखं सांगायची आणि मध्येच नाडी बघायची. पहिल्या दिवशी कंबर चार बोटं उचलली आणि रडले.

वर्ग सुरू केल्यावर तीन महिन्यांनी भाकरी थापायची परवानगी मिळाली. त्या दिवशी पाच भाकऱ्या थापल्या, दम न लागता. त्या ताईचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यावर ही वेळ आली, तर डॉक्टरांना म्हणा, माझ्याशी बोला, मराठीत बोला. प्रेमाच्या माणसालाही मध्ये घालू नका.

मालक आता वर्गाला सोडायला येतात. "चुकलं माजं," असं दोनदा म्हणाले. "असू दे" म्हणायला माझं तोंड अजून उघडलेलं नाही.