निळ्या दाताची सरपंच

आमच्या सुभद्रेचा पुढचा एक दात निळा हाय. लहानपणी उसाच्या गाडीवरून पडली, दात मेला आन् निळा पडला. तेव्हापासून हसू आलं की तोंडावर पदर. मी तिची थोरली जाऊ, पण इतक्या वर्षांत तिचं मोकळं हसणं म्या बघितलं न्हाई.

पाटोद्याजवळचं आमचं गाव. औंदा सरपंचपद बायांना सुटलं आन् सुभद्रा उभी राहिली. अडचण एकच, वरची आळी आन् खालची आळी एकमेकींचं तोंड बघत न्हाईत. पोळ्याला मानाचा बैल कुणाचा, यावरून डोकी फुटलेली. आमी वरच्या आळीचे, आन् एका आळीच्या मतांवर कुणी निवडून येत न्हाई.

समोरून गावचा पुढारी विजयसिंह, त्याची बायको उभी. त्याच्या पोरांनी हिचं नाव पाडलं 'ब्लूटूथ'. ही रस्त्यानं निघाली की, "ब्लूटूथ चालू झालं बे!" मुडदा बशिवला मेल्यांचा! सुभद्रा घरात येऊन रडली. म्हणली, "आक्का, मी फारम माघारी घेते."

तिची लेक मनिषा कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. ती म्हणली, "आई, ब्लू म्हंजी निळा, टूथ म्हंजी दात. हजार वर्षांमागं तिकडं थंड मुलखात एक राजा व्हता. त्याचा दात मेलेला, म्हणून लोक त्याला निळा दातच म्हणायचे. त्यानं भांडणारी माणसं एक केली. पुढं फोन आन् कॉम्प्युटर बिनवायरीचे जोडायची युक्ती निघाली, तवा तिला त्याचंच नाव दिलं. जोडणारा म्हणून."

सुभद्रेनं डोळे पुसले. मग म्हणली, "त्यो राजा तोंडावर पदर घेत व्हता का गं?"

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर सभा. दोन आळ्या दोन टोकांना बसलेल्या. सुभद्रेनं पदर कमरेला खोचला. "हाय माझा दात निळा, बघून घ्या!" राजाची गोष्ट सांगितली आन् म्हणली, "मी आले तर पोळ्याला एक बैल वरचा, एक खालचा, जोडीनं तोरणाखालनं जातील. कुणी म्होरं न्हाई, कुणी मागं न्हाई."

खालच्या आळीची बायनाबाई, त्या भांडणात तिच्याच नवऱ्याचं डोकं फुटलेलं. पहिली टाळी तिनं वाजवली.

सुभद्रा निवडून आली, दोन्ही आळ्यांच्या मतांनी! गुलाल उधळला. गाणं लावायला कुणीतरी स्पीकर फोनला जोडला, तर आतली बाई ठणकावून बोलली, "ब्लूटूथ कनेक्टेड!"

सगळं गाव पोट धरून हसलं, विजयसिंहाची पोरंसुदिक. मला तर रडूच फुटलं. सुभद्रा तोंडभरून हसत व्हती, आन् पदर कमरेलाच खोचलेला व्हता.