वारा कुठून येतोय
धोकादायक माल वाहायचा तर चालकाला एक देशी भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते. मला इंग्रजी येते म्हणजे गावांच्या पाट्या आणि पावत्या वाचता येतात. तेवढ्यावर प्रशिक्षण झालं, इंग्रजी वाचता येतं अशी माझी सही झाली.

त्या उन्हाळ्यात मी नळयोजनांना क्लोरीनची सिलिंडरं पोचवत होतो. दुपारी औंढ्याच्या अलीकडे नाकाला झोंबणारा वास आला. गाडी कडेला लावून मागं पाहिलं, तर एका सिलिंडरच्या तोंडातून हिरवट पिवळा वायू निघत होता. असं झालं तर काय करायचं ते सांगणारं छापील कार्ड गाडीत असतं. ते घेऊन मी पळालो. सगळं इंग्रजीत होतं. अक्षरं वाचता येत होती, अर्थ लागत नव्हता.

बायको आरोग्य केंद्रात नर्स आहे. कार्डाचा फोटो पाठवून तिला फोन केला. तिनं आधी विचारलं, "वारा कुठून येतोय?"

"औंढ्याकडून."

"मग औंढ्याच्याच बाजूला जा. अन् उंचावर जा, हा वायू खाली बसतो. कुणाला पाणी मारू देऊ नका, पाण्यानं गळती वाढते."

रस्त्याखालच्या कोरड्या ओढ्यात एक मावशी मेंढ्या घेऊन सावलीला बसली होती. मी वरून ओरडून तिला टेकाडावर यायला सांगितलं. एवढ्या उन्हात वर काहून, असं ती विचारत राहिली. मग तिलाच ठसका लागला. मी तोंडाला उपरणं बांधून खाली उतरलो, तिचा हात धरला. जेवढ्या मेंढ्या हाकता आल्या तेवढ्या वर आणल्या. बाकीच्या ओढ्यातच राहिल्या.

बायकोनं फोन करून बोलावलेले अग्निशमनवाले आले, मुखवटे घालून त्यांनी गळती बंद केली. तोवर आम्ही दोघं टेकाडावर खोकत बसलो होतो. मावशी ओढ्यातल्या आडव्या मेंढ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "तुला आधी ठाऊक असतं, तर लवकर हाक मारली असतीस न्हाई का?"

मी व्हय म्हणालो.

तिला दवाखान्यातून घरी सोडल्यावर मी गोदामाच्या साहेबांकडे मराठी कार्ड मागितलं. कार्ड कंपनीकडून तसंच येतं, आणि वाचता येतं अशी सही तूच केलीस ना, असं ते म्हणाले. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. मी इंग्रजी कार्ड घेऊन घरी आलो.

बायकोनं सगळं मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. ते मी केबिनमध्ये चिकटवलं. दुसऱ्या चालकांनी त्याचे फोटो काढून नेले. रस्त्यात तपासणीवाले मात्र इंग्रजी कार्डच मागतात. मी काढून देतो, ते उलटंसुलटं बघून परत देतात, आणि मी गाडी पुढं काढतो.