जांभळ्या गोलातला चौकोन

दुपारचे सव्वादोन. पांडेसरा, कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसच्या मागची गल्ली, दवाखान्याची पडवी. पडवीत मांडीवर मुलं घेऊन बसलेल्या बायका, दारात सरकारी जीप, जीपमधून उतरवलेलं एक सीलबंद खोकं.

वहीतली माझी नोंद एवढीच आहे. त्या दुपारी पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही. नव्वदच्या दशकातली माझी बहुतेक वर्षं सुरतेत एका मराठी दैनिकाची बातमीदारी करण्यात गेली, आणि रोज संध्याकाळी चहाला मी याच दवाखान्याच्या बाकावर असायचो. तिथले किस्से पेपरात कधी बसले नाहीत. संपादक विचारायचे, "यात बातमी कुठे आहे?" मग किस्सा वहीत. वह्या वाढत गेल्या, कपाट भरलं, आता बायको विचारते, रद्दीवाल्याला बोलवू का? मी नको म्हणतो. यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं अजून यायची आहेत.

*

दवाखाना खानदेशी कामगारांच्या मंडळाचा. दोन खोल्या, वर पत्रा. तो सांभाळायच्या सुलभा सिस्टर. शिरपूरकडच्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, आणि आवाज असा की मिलचा भोंगा वाजला तरी लोक आधी दवाखान्याकडे बघायचे.

लस ठेवायला फ्रीज हवा म्हणून सिस्टर अर्जावर अर्ज करत होत्या. शेवटी एका कारखानदार शेठने नवा कोरा फ्रीज दिला. हार झाले, नारळ झाला, फोटो आमच्याच पेपरात आला. वर शेठने मोठेपणा दाखवला. फ्रीजची वायर त्याने आपल्याच कारखान्याच्या लाइनवर जोडून दिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पांडेसऱ्यात तेव्हा कारखान्यांची वीज आठवड्यातून एक दिवस बंद असायची. शेठचा दिवस शुक्रवार. पहिल्याच शुक्रवारी दुपारी सिस्टरनी फ्रीज उघडला तर खाली पाणी साचलेलं आणि लसीच्या बाटल्या हाताला कोमट.

मी तणतणत शेठकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "भाई, मशीनलाही एक दिवस आराम लागतो."

हे सिस्टरना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "फ्रीजला साप्ताहिक सुट्टी मिळाली. मला एवढ्या वर्षांत मिळाली नव्हती!"

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी सिस्टर बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायच्या, गोणपाटात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन. दवाखान्यात पोचेपर्यंत लुगडं ओलं व्हायचं.

*

फ्रीजच्या दारावर तापमानाचं रजिस्टर टांगलेलं असायचं. सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा; लस टिकायला तो दोन ते आठ डिग्रीत हवा. सिस्टर शुक्रवारचा आकडा खरा लिहायच्या, आणि वर लाल शाईने रेघ मारायच्या.

महिन्याकाठी लस-पुरवठ्याचे साहेब तपासणीला यायचे. माणूस सभ्य, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि तोंडात कायम एकच गुजराती शब्द, "चालशे." लस उशिरा आली, चालशे. सुया कमी आल्या, चालशे. लाल रेघा पाहिल्यावर मात्र ते थबकले. त्यांनी रजिस्टर सिस्टरना परत दिलं आणि समजावून सांगितलं, "बेन, या रकान्यात दोन ते आठ डिग्रीच येतं."

"पण शुक्रवारी बर्फ घालूनही येत नाही ना साहेब."

"रकाना दोन ते आठचाच आहे."

शेजारच्या केंद्रांची रजिस्टरं मी नंतर पाहिली. वर्षभर रोज पाच डिग्री. उन्हाळ्यातही पाच. एका केंद्रातला फ्रीज दोन महिने दुरुस्तीला गेला होता, त्या दोन महिन्यांतही पाच!

*

मग एक दिवस नव्या बाटल्या आल्या. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीच्या. बाटलीच्या लेबलवर एक जांभळा गोल, आणि गोलाच्या आत पांढरा चौकोन. लस उन्हातान्हात राहिली, गरम झाली, की तो चौकोन हळूहळू जांभळा होत जातो. आतला चौकोन बाहेरच्या गोलाएवढा गडद झाला की लस मेली. ती पाजली तर मुलाला अपाय नाही, पण उपयोगही नाही. आईला वाटतं मूल सुरक्षित झालं, आणि मूल असतं तसंच उघड्यावर.

एवढी साधी युक्ती. वीज नको, यंत्र नको, इंग्रजी नको. ज्या वस्त्यांत फ्रीजला सुट्टी असते त्यांच्यासाठीच कोणी तरी डोकं चालवलं होतं. मी आयुष्यात फार कमी गोष्टींचं कौतुक केलंय, त्यातली ही एक.

सिस्टरनी बाटली उजेडात धरली, फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "आता माझं रजिस्टर खोटं पाडलं तरी चालेल. बाटली सांगेल."

या चौकोनाचं प्रशिक्षण शहरातल्या एका एअरकंडिशन्ड हॉटेलात झालं. साहेब लोकांसाठी. स्लाइड इंग्रजीत, जेवण गुजराती. सिस्टरना आमंत्रण नव्हतं. आमच्या दवाखान्यासाठी एक पोस्टर आलं, तेही इंग्रजीत. सिस्टरनी कंपाउंडरच्या शब्दकोशावरून अर्थ लावला. पोस्टर भिंतीला लावलं तेव्हा एका आजीबाईंनी त्याला हात जोडले. त्यांना ते कुठल्या तरी देवीचं यंत्र वाटलं.

साहेबांना मी विचारलं, मराठीत का नाही? गल्लीत सगळे अमळनेर, शिरपूर, शहाद्याचे. ते म्हणाले, "सूचना वरून आली, तशीच खाली दिली. चालशे."

*

आता भिकन मास्तर. अमळनेरकडचे, तीस वर्षं डाइंगमध्ये. कापडाच्या रंगाची शेड नमुन्याशी जुळली की नाही हे सांगणं त्यांचं काम. पांडेसऱ्यात त्यांच्या डोळ्याला मान होता. एकदा एका व्यापाऱ्याने दोन तुकडे समोर टाकले आणि म्हणाला, एकाच लॉटचे आहेत. मास्तर ते घेऊन दारात गेले, कारण ट्यूबलाइटखाली ते रंग कधीच बघायचे नाहीत. परत येऊन म्हणाले, "एक सकाळच्या पाळीचा शे, एक दुपारच्या. मधी पानी बदलनं." व्यापाऱ्याने चौकशी केली. खरं निघालं.

पोलिओच्या रविवारी आमच्या गल्लीत बूथ होता. आदल्या संध्याकाळी निरोप आला, सुलभा सिस्टरनी उद्या शेजारच्या कडोदऱ्याला जायचं, तिथे माणूस कमी आहे. आणि इथे? इथे स्वयंसेवक बघून घ्या.

सिस्टरना एकच नाव सुचलं. बाटलीवरचा रंग बघायचाय ना, मग मास्तरांपेक्षा चांगला डोळा कोणाचा? सकाळी रिक्षा दारात उभी असताना त्यांनी मास्तरांना घाईघाईने सांगितलं, की चौकोन आणि गोल बघा, रंग नीट पारखा, शंका आली तर बाटली बाजूला ठेवा. मास्तर म्हणाले, "हाई ते मनं रोजचं काम शे." रिक्षा गेली.

सीलबंद खोकं साहेबांच्या जीपमधून आलं. मास्तर प्रत्येक बाटली दारात नेऊन, हात लांब करून, डोळे बारीक करून बघत होते. काही डाव्या हाताला, काही उजव्या. बायका मात्र पुढे येईनात. थेंबांनी मूल नासतं अशी कुजबुज गल्लीत होतीच. तेव्हा मास्तरांनी आपल्या सुनेला, मंगलला हाक मारली, तिच्या कडेवरून नात घेतली आणि सगळ्यांसमोर पहिले थेंब पिंकीच्या तोंडात टाकले. मग रांग लागली.

मी तिथेच होतो. पाच वाजता फोनवरून बातमी दिली. मथळाही मीच सुचवला, "रंगमास्तरांच्या नजरेखाली गल्ली सुरक्षित". माझ्या नोकरीतली मला सगळ्यात आवडलेली बातमी होती ती.

*

साडेपाचला सिस्टर परतल्या. बर्फाच्या डब्यात उरलेल्या बाटल्या बघितल्या. सगळ्यांचे चौकोन पांढरेशुभ्र. मग त्यांनी टेबलाखालची रिकाम्या बाटल्यांची टोपली पुढे ओढली. एक बाटली उचलली, दुसरी उचलली, तिसरी. सगळ्यांचे चौकोन गोलाइतकेच जांभळे.

"मास्तर, या पाजल्यात?"

"हा. ज्या जुळल्या त्या पास केल्या. ज्या जुळत नव्हत्या त्या बाजूले ठेवल्या. बर्फातच ठेवल्या, वाया नको जायला."

तीस वर्षं त्या हाताला एकच शिस्त होती. शेड नमुन्याशी जुळली की पास, फरक दिसला की बाजूला. जुळली की फेकायचं, असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते इंग्रजीत, भिंतीवर.

सिस्टरनी समजावलं, चौकोन गोलाशी जुळला म्हणजे लस मेली. मास्तरांनी एकच विचारलं, "आते पिंकीचं काय?"

उत्तर सोपं होतं. चांगल्या बाटल्या बर्फात होत्याच. सिस्टर म्हणाल्या, उद्या सकाळी घरोघर जाऊन पुन्हा पाजू, दुसऱ्यांदा पाजल्याने काही बिघडत नाही. पण सोमवारी उजाडताच जीप आली आणि शिल्लक माल जमा करून घेऊन गेली. नियम तसा होता. सिस्टर जीपच्या दारात उभ्या राहून भांडल्या. साहेब म्हणाले, "बेन, या गल्लीचं काम शंभर टक्के झाल्याचं मी कळवलंय. आज पेपरातही आलंय."

पेपर त्यांच्या हातात होता. माझा. बातमी थांबवायचा फोन आदल्या संध्याकाळी मला सुचलाच नव्हता.

*

त्यानंतरचे दिवस मी नीट जेवलो नाही. गल्लीत कुठलंही मूल तापाने फणफणलं की मंगल पिंकीचे पाय दाबून बघायची. झोपलेल्या पोरीच्या तळव्याला गुदगुल्या करायची आणि पाय झटकला की श्वास सोडायची. दिवसातून किती वेळा, तिलाच माहीत. मास्तर कामावर जायचे, पण कारखान्यात त्यांनी शेड पास करणं थांबवलं होतं. नमुना दारात नेऊन बघायचे आणि दुसऱ्याला विचारायचे, "तुले काय वाटस?"

मी दुसरी बातमी लिहिली. स्वतःच्या पहिल्या बातमीची चूक कबूल केली आणि खाली चार प्रश्न विचारले. संपादकांनी कबुली छापली, प्रश्न जागेअभावी गळले. वरच्या ऑफिसचा खुलासा मात्र चौकटीत आला. झाला प्रकार अशिक्षित स्वयंसेवकाच्या निष्काळजीपणामुळे घडला.

निष्काळजीपणा! उभ्या सुरतेत त्या रविवारी प्रत्येक बाटली उजेडात नेऊन बघणारा एक तरी दुसरा माणूस दाखवा म्हणावं.

सिस्टरनी चौकट वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. "मास्तरांनी गडद बाटल्या निवडल्या, बरोबर. पण रविवारी सकाळी सील फोडलेल्या खोक्यात गडद बाटल्या आल्या कुठून? आपल्या फ्रीजमध्ये तर त्या गेल्याच नव्हत्या."

 इतके दिवस हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी बातमीदार!

*

तर ती दुपार. सव्वादोन वाजता साहेब स्वतः आले. पुन्हा डोस द्यायचं वरून मान्य झालं होतं. सोबत फोटोग्राफर होता आणि लस-भांडारातून थेट आणलेलं, त्यांच्या देखरेखीत राहिलेलं सीलबंद खोकं. बायका मुलांना घेऊन बसल्या होत्या. मंगल सगळ्यांत पुढे. मास्तर गल्लीच्या पलीकडे, वडापावच्या गाडीआड उभे.

साहेबांनी सील फोडलं आणि सिस्टरना पहिली बाटली दिली. मोठ्याने म्हणाले, आज त्या मास्तरच्या हातात काही द्यायचं नाही.

मंगलने पिंकीला पदराखाली घेतलं आणि गल्लीपलीकडे सासऱ्यांकडे बोट केलं. "आबा पहिले देखतीन. मंगच मनी पोरले पाजा."

साहेब हसले. मागच्या बायका हसल्या नाहीत. एकीने मुलाचं तोंड हाताने झाकलं, मग दुसरीने. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. सिस्टरनी साहेबांना काही न विचारता गल्लीपलीकडे हाक मारली. हाक अख्ख्या पांडेसऱ्याने ऐकली असेल.

मास्तर आले. चपला बाहेर काढल्या. एकेक बाटली घेऊन दारात गेले, हात लांब केला, डोळे बारीक केले.  पहिली उजवीकडे ठेवली. दुसरी उजवीकडे. तिसरी घेऊन ते बराच वेळ दारात थांबले. मग ती डावीकडे ठेवली. चौथी डावीकडे. पाचवी डावीकडे.

"साहेब," ते म्हणाले, "ह्या तीन जुळी ग्यात."

जुळल्या म्हणजे मेल्या, हे आता अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

सिस्टरनी उजवीकडच्या दोन बाटल्या उचलल्या आणि पिंकीचं तोंड उघडलं. दोन बाटल्या आमच्या गल्लीला पुरल्या. तोवर साहेबांनी डावीकडच्या तिन्ही बाटल्या स्वतःच्या हाताने परत खोक्यात, न पाहिलेल्या बाटल्यांच्या शेजारी ठेवल्या, झाकण लावलं आणि ड्रायव्हरला हाक मारली. मी विचारलं, खोकं कुठे चाललंय?

जीप कडोदऱ्याच्या रस्त्याला लागली. तिथे त्या दिवशी साडेतीनला डोस होते.