कारण : घरगुती अडचण

"एक नासका आंबा सगळी अढी नासवतो."

सुपरवायझर मॅडम पप्पांना म्हणाल्या. बघत होत्या मात्र माझ्याकडे. नासका आंबा म्हणजे मी. अढी म्हणजे शाळा.

नववीचा निकाल अजून लागायचा होता. त्याआधीच काही पालकांना एकेकटं बोलावलं होतं. पप्पा राखेच्या विटांच्या कारखान्यातून पाळी बदलून आले होते. हातपाय धुतले होते, शर्ट बदलला होता, पण राख नखांतून निघत नाही. आम्ही एकलहऱ्याला, औष्णिक वीज केंद्राशेजारी राहतो. तिथे ती वाळत घातलेल्या कपड्यांवर असते, तुळशीच्या पानांवर असते, पाण्याच्या हंड्यावर असते. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. पप्पा उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, आणि कोणी म्हटल्याशिवाय बसायची त्यांना सवय नाही.

मॅडमनी माझं प्रगतिपुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. गणिताच्या आकड्याखाली लाल रेघ. शंभरपैकी सत्तावीस.

"या मार्कांवर सायन्स विसरा. आमच्या कॉलेजात तर नाहीच, दुसरीकडेही कोणी दारात उभं करणार नाही."

पप्पा म्हणाले, "मॅडम, बाकीच्या विषयात चांगली हाय हो पोरगी. गणितच तेवढं..."

"आमचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागतो. तुमच्या एका मुलीसाठी तो घालवायचा का आम्ही?"

"नाय मॅडम," पप्पा म्हणाले.

हे 'नाय मॅडम' मला त्या आंब्यापेक्षा जास्त लागलं. आजही लागतं. स्वतःच्या मुलीच्या विरुद्ध बाप इतक्या नम्रपणे साक्ष देतो, तेव्हा कुणाचा राग करायचा तेच कळत नाही.

मग मॅडमनी सौदा सांगितला. त्या त्याला सौदा म्हणाल्या नाहीत, 'तुमच्या हिताचं' म्हणाल्या. दाखला काढून नेलात तर नववी पास करून देऊ. इथेच ठेवायची असेल तर नापास. तुम्ही ठरवा.

मी या शाळेत आले ती पहिलीला, सोडतीत नंबर लागून. खासगी शाळेत गरिबांसाठी पंचवीस टक्के जागा असतात, त्यातली माझी एक. नंबर लागला तेव्हा पप्पांनी आख्ख्या गल्लीत जिलेबी वाटली होती. शाळेत मात्र त्या जागेचं नाव झालं. काही वाटायचं असलं, काही भरून घ्यायचं असलं, की बाई म्हणायच्या, "पंचवीस टक्केवाले उभे राहा." आम्ही उभे राहायचो. मुलांनी मग ते आणखी छोटं केलं. "ए पंचवीस टक्के, पेन दे." पहिलीपासून ऐकलं की कानाला घट्टे पडतात. आठवीपर्यंत फी नव्हती. नववीपासून आम्ही ती इतरांसारखीच भरायला लागलो, पण नाव काही पुसलं गेलं नाही.

आता गणिताचं. मला गणित येत नव्हतं, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू? पण ते कसं येत नव्हतं तेही ऐका. सर फळ्यावर पहिलं उदाहरण लिहायचे आणि विचारायचे, "हे क्लासला झालंय ना सगळ्यांचं?" आख्खा वर्ग ओरडायचा, हो सर. झालंय तर पुढे चला. सर पुढे जायचे. मी क्लासला जात नव्हते. एकदा हात वर करून सांगितलं, सर, माझं नाही झालं. वर्ग हसला. सर म्हणाले, "मग एक क्लास लाव की." त्यानंतर मी हात वर केला नाही. नववीचं आख्खं वर्ष माझ्या डोक्यावरून असंच पुढे पुढे गेलं.

आणि मला सायन्सच हवं होतं. आमच्याच संस्थेचं कॉलेज मैदानाच्या पलीकडे आहे. नववीच्या खिडकीतून त्यांची प्रयोगशाळा दिसते. पांढरे एप्रन घातलेल्या मुली नळीत काहीतरी ओतायच्या, वाकून बघायच्या, वहीत लिहायच्या. मराठीच्या तासाला मी तिकडेच बघत बसायची. तिथे आपणही उभं राहायचं, एवढंच माझं स्वप्न. डॉक्टर-बिक्टर नाही. नुसतं तिथे उभं राहायचं. या कॉलेजात काही जागा आमच्या शाळेतून दहावी झालेल्यांसाठी राखलेल्या असतात. इनहाऊस म्हणतात त्याला. बाहेरच्यांची यादी नव्वदच्या आसपास बंद होते, ही घरची यादी बरीच खाली येते. म्हणजे माझ्यासारखीला त्या प्रयोगशाळेत जायला एकच दरवाजा होता. मॅडम तोच बंद करत होत्या, आणि वर आमचं हित सांगत होत्या.

पप्पांनी मान डोलावली. मॅडमनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं.

"अर्ज लिहा. माझ्या पाल्याचा दाखला मिळावा. कारण लिहा, घरगुती अडचण."

पप्पांनी पेन हातात घेतलं, परत ठेवलं. ते सही करतात, पण चार ओळी लिहायचं त्यांना जमत नाही. मला म्हणाले, "तू लिही."

मॅडम हसल्या. "हो, तूच लिही. तुझं अक्षर छान आहे."

छान आहेच. शाळेच्या दारातल्या फळ्यावरचा सुविचार दोन वर्षं मीच लिहीत होते. पाहुणे आले की त्या फळ्यापाशी थांबायचे, कुणाचं अक्षर म्हणून विचारायचे. त्या अक्षरात आता माझी हकालपट्टी लिहायची होती. मी लिहायला बसले. म्हणजे उभ्यानेच, टेबलावर वाकून. माननीय मुख्याध्यापक यांस. विषय, दाखला मिळणेबाबत. महोदय. समास सोडला, शुद्धलेखन सांभाळलं. कारण लिहिलं, दोन टिंबं दिली आणि हात थांबला.

माझ्या बाकावर यशराज बसायचा. त्याचे वडील बिल्डर आहेत, शाळेच्या नव्या सभागृहाच्या पाटीवर देणगीदार म्हणून त्यांचं नाव आहे. यशराजला गणितात चोवीस होते. वर्गात पेपर दाखवले तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांचे पाहिले होते. "तू माझ्यापेक्षा हुशार निघालीस," असं तोच म्हणाला होता. चांगला मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही बाहेर थांबलो होतो तेव्हा त्याचे वडील याच केबिनमधून बाहेर पडले होते. चहाचा कप अजून टेबलाच्या कोपऱ्यावर होता. म्हणजे ते बसले होते.

मी विचारलं, "मॅडम, यशराजचाही दाखला काढणार का?"

"त्याची फेरपरीक्षा आहे."

"मग माझीही घ्या."

"ती सगळ्यांसाठी नसते."

पप्पांनी माझा दंड धरला. हळूच. गप बस म्हणून. पण माझ्या डोक्यात तोपर्यंत एक गोष्ट लख्ख झाली होती. वर्षभर सगळं डोक्यावरून गेलं होतं, हे मात्र सरळ आत गेलं. पेपर तोच. मार्क तेच, सत्तावीस. गेटबाहेर गेले तर मी पास. गेटच्या आत राहिले तर नापास. मग ते मार्क माझे कुठे होते? यांना माझे मार्क मोजायचेच नव्हते. मला मोजायचं नव्हतं. वर्षानुवर्षं नववीतच असे वेचून बाहेर काढायचे आणि उरलेल्यांचे शंभर टक्के करून गेटवर बोर्ड लावायचा. त्या बोर्डाखालून मी रोज आत येत होते आणि अभिमानाने वर बघत होते. चीड आली. त्यांची आली, आणि माझ्या त्या अभिमानाची जास्त आली.

मी म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात काही अडचण नाही."

"ते फक्त लिहायचं असतं गं."

मी लिहिलं. सुविचार लिहिते त्याच अक्षरात. कारण : शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून मला काढत आहेत. खाली पप्पांच्या सहीसाठी जागा सोडली आणि कागद मॅडमच्या पुढे ठेवला.

त्यांनी वाचलं. चेहरा लाल झाला. "असला अर्ज आम्ही घेत नाही."

"मी दुसरा लिहिणार नाही."

त्यांनी कागद फाडला. नीट, उभा, मग आडवा. मग मला सोडून पप्पांना म्हणाल्या, "हे संस्कार का?" या वेळी पप्पा 'नाय मॅडम' म्हणाले नाहीत, तेवढं मी लक्षात ठेवलं आहे.

मी नापास झाले. यशराज फेरपरीक्षेत पास झाला.

अर्ज फाडला त्याच दिवशी घरी सगळं सांगितलं. मम्मी रडली. वर्ष गेलं, फी गेली, लोकांना काय सांगायचं, असं एकामागून एक. पप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "मला वाटलं लिहून द्यावं आन् मोकळं व्हावं. मी दर साली देतोच की लिहून."

मला कळलं नाही. मी विचारलं, काय लिहून देता?

तेव्हा कळलं. कारखान्यात पप्पा अकरा वर्षं आहेत, पण कागदावर एक वर्षही पूर्ण नाही. वर्ष भरत आलं की ठेकेदार सगळ्यांकडून सही घेतो, मी स्वखुशीने काम सोडत आहे. चार दिवस घरी बसवतो, पाचव्या दिवशी पुन्हा नवीन म्हणून घेतो. म्हणजे कायम करायला नको. लहानपणी मला वाटायचं पप्पांना सुट्टी लागली. आम्ही त्या चार दिवसांत रामकुंडावर जायचो, भेळ खायचो.

"आन् कारण काय लिहितात?" मम्मीने विचारलं. तिलाही माहीत नव्हतं.

"तेच," पप्पा म्हणाले. "घरगुती अडचण."

त्या दिवसापासून मला या दोन शब्दांचा संताप येतो. अडचण त्यांची, घर आमचं. आम्हाला ढकलायचं आणि आम्हीच गेलो असं आमच्याच हाताने लिहून घ्यायचं. वर अक्षर छान आहे म्हणायचं.

जूनमध्ये मी त्याच वर्गात, एक वर्ष लहान असलेल्या पोरांमध्ये जाऊन बसले. सुविचाराचा फळा काढून घेतला होता. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ही जुनी खेळाडू." नवीन पोरं हसली. हसू दे. गणिताच्या सरांनी विचारलं, हे क्लासला झालंय ना? मी उभी राहिले. माझं नाही झालं सर. दुसऱ्या दिवशी परत उभी राहिले. तिसऱ्या दिवशीही. सर वैतागले, वर्ग वैतागला. "हिच्यामुळे पोर्शन मागे पडतो," अशी तक्रार एका पालकाने केली. पण त्या वर्षी फळ्यावरची उदाहरणं पूर्ण सुटली. मी काठावर का होईना, सरळ पास झाले.

माझी मैत्रीण करुणा मात्र दाखला घेऊन गेली होती. पप्पांना बोलावलं त्याच आठवड्यात तिच्या आईने अर्ज लिहून दिला होता. करुणा दुसऱ्या शाळेतून दहावी झाली, अडुसष्ट टक्के मिळाले. यंदा तिने अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरला, पहिलं नाव आमच्या कॉलेजचं टाकलं. बाहेरच्या यादीत तिचा नंबर कुठून लागणार? आमच्या वर्गातल्या एकसष्टवाल्याला मात्र इनहाऊसमधून सायन्स मिळालं. करुणा आता नाशिकच्या द्वारका चौकात बस बदलून लांबच्या एका कॉलेजात जाते. कॉमर्स घेतलं, तेच उरलं होतं. बसस्टॉपवर भेटली तेव्हा म्हणाली, "तू बरं केलंस." मला बरं वाटलं नाही. तिचे अडुसष्ट आणि त्याचे एकसष्ट डोक्यातून जात नाहीत. सात टक्के जास्त असूनही ती बाहेर, कारण नववीत कोणीतरी तिला बाहेर पास केलं.

मी आता दहावीत आहे. पहिल्या घटक चाचणीत गणितात वीसपैकी सहा पडले. चांगले नाहीत, माहीत आहे. परवा मॅडमनी परत बोलावलं. या वेळी एकटीलाच. आवाज गोड.

"सतरा नंबरचा फॉर्म भर. बाहेरून परीक्षा दे. घरी शांतपणे अभ्यास होईल."

बाहेरून म्हणजे शाळेच्या निकालात मी नाही. बाहेरून म्हणजे इनहाऊस नाही. आता मला हे समजायला कोणाची गरज लागत नाही. टेबलावर तोच कोरा कागद, तेच पेन. पेनाचं टोपण काढून ठेवलेलं. माझ्यासाठी.

मी टोपण उचललं, पेनाला लावलं आणि पेन त्यांच्या बाजूला ठेवलं. समोरच्या खुर्चीत बसले. कोणी बसा म्हटलं नव्हतं.

"मॅडम, घरी सांगून आलेय. आमच्याकडे काही अडचण नाही."

पप्पांनी यंदाही ठेकेदाराच्या कागदावर सही केली. मी भांडले. ते म्हणाले, चूल पेटायला पायजे. त्या चार दिवसांत आम्ही रामकुंडावर गेलो नाही.

मार्चमध्ये मी परीक्षेला बसणार आहे. याच शाळेच्या नावाने, याच गणवेशात. पास होईन की नाही, मला माहीत नाही. रोज पहाटे उदाहरणं सोडवते, काही सुटतात, बरीच अडतात. सायन्स मिळेल याची खात्री मला कोणी देऊ शकत नाही. पण जूनमध्ये शाळा गेटवर जो आकडा लावेल, शंभर असो की नव्याण्णव, तो मला धरून काढावा लागेल.

मी लिहून देणार नाही.