दुपारी घेतलेला अंगठा

दर नोव्हेंबरात बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आमच्या गोरेगावहून जीपने तालुक्याला सेनगावला जायचे, आपण जिवंत आहोत हे बँकेत सांगायला. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो. साहेबांनी नाव पुकारलं की बाबा ताठ उभे राहून ‘हजर’ म्हणायचे. जन्मभर शाळेत दुसऱ्यांची हजेरी घेतलेला माणूस, स्वतःची लावायची भारी हौस!

मीही शिक्षिका झाले, पण नव्या पेन्शन योजनेत. पगारातून कपात होणार, ती बाजारात गुंतवणार आणि म्हातारपणी हाती काय येईल ते बाजार ठरवणार. याची मला चीड होती. धाकटा भाऊ खाजगी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. त्याला ते सगळं पटलेलं.

त्या नोव्हेंबरात बाबा अंथरुणाला खिळले. वाचा गेलेली, हाताला कंप. बँकेने कागद घरी दिला: अंगठा घ्या, दोन साक्षीदारांच्या सह्या आणा. वेळेत दिला नाही तर पेन्शन थांबणार, आणि माझा पगार कर्जाच्या हप्त्यांत जायचा, भावाचा महिनोन्‌महिने रखडायचा; घर तिच्यावरच चालायचं.

जेवणं झाल्यावर आम्ही दोघं कागद घेऊन खाटेजवळ बसलो आणि नेहमीप्रमाणे जुंपली.

“म्हाताऱ्यायला सरकारनं किती दिवस पोसायचं, अक्का?” भाऊ म्हणाला.

“बाबासमोर बोलून राहिला तू,” मी म्हटलं.

“मंग काय झालं? हिशोब तर बराबर हाय ना?”

बाबांचे डोळे उघडे होते, भावाकडेच लागलेले. मला वाटलं, ऐकताहेत. मी आणखी चढ्या आवाजात भांडले, त्यांच्या बाजूने. मग रागारागातच शाईचा पॅड उघडला. “बाबा, अंगठा देता?” हात सहज आला. आठवडाभर नुसते डाग उमटत होते. आज एकेक रेष स्वच्छ उठली. मला बरं वाटलं. आम्ही दोघांनी सह्या केल्या.

आई पाण्याची वाटी घेऊन आली. तिने बाबांच्या कपाळाला हात लावला.

“हे गार काहून लागून राहिलेत?”

मी त्यांच्या नाकाशी बोट धरलं; श्वास नव्हता. ते नेमके कधी गेले? भाऊ बोलत होता तेव्हा, की मी? आजही सांगता येत नाही. माझ्या बोटांवर त्यांची शाई ओली होती.

भाऊ पुटपुटला, “कागद देऊन टाकू, अक्का. आईच्या नावानं बाबाची पेन्शन लागेस्तोवर लई महिने जातील. सकाळी तर होतेच ना ते.”

आईने कागद माझ्या हातातून काढून घेतला. “शाळेत साहेब तपासणीला आले तरी त्यायनं गैरहजर लेकराला हजर लावलं न्हाई कधी. आता त्यायलाच लावता?”

कागद बँकेत गेला नाही. पुढचे महिने आम्ही कसेबसे काढले. तो कागद अजून माझ्या पेटीत आहे. आपले वडील जिवंत आहेत, असं त्यावर आम्ही दोघांनी सहीनिशी लिहून दिलंय.